शरदातील नदी आणि आपला भोई समाज
(एरंडोल व गिरणाकाठच्या मासेमारीचा पूर्वेतिहास)

इतिहास म्हटला म्हणजे राजेरजवाड्यांच्या वंशावळी, लढाया, तह आणि किल्ले यांचेच चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. आपल्यासारख्या पाण्यावर पोट भरणाऱ्या समाजाच्या नावे ताम्रपट निघत नाहीत, की सनदांची दफ्तरे सापडत नाहीत. म्हणून आपणांस इतिहासच नाही, असा समज आपल्यातीलच काही सुशिक्षित तरुणांनी करून घेतला आहे. तो समज दूर व्हावा, आणि ज्या विद्येवर आपल्या वाडवडिलांनी पिढ्यान् पिढ्या संसार केले तिची चार अक्षरांत तरी नोंद राहावी, या हेतूने आम्ही हा लेख ज्ञातिबांधवांपुढे ठेवीत आहोत. विषय व्यापक असल्यामुळे आम्ही तो शरद ऋतूपुरता, म्हणजे भाद्रपदाच्या अखेरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंतच्या काळापुरता, मुख्यतः मर्यादित केला आहे. कारण आपल्या धंद्याचे खरे वर्ष याच दिवसांत सुरू होते.

आपला मुलूख, आपल्या नद्या

खानदेश हा तापीचा मुलूख. मध्यप्रदेशात बैतूल जिल्ह्यातील मुलताई येथे उगम पावून ही नदी सुमारे 724 किलोमीटरचा प्रवास करते आणि सुरतेजवळ अरबी समुद्रास मिळते. देशावरील गोदा, भीमा, कृष्णा पूर्वेकडे वाहतात. आपली तापी मात्र नर्मदेप्रमाणे पश्चिमवाहिनी आहे. चांगदेव येथे तिला पूर्णा मिळते आणि पुढे वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा या दक्षिणेकडील नद्या येऊन मिळतात. यांपैकी गिरणा सह्याद्रीत, नाशिक जिल्ह्यात उगम पावते आणि मालेगाव, भडगावकडून आपल्या भागात येते. तिला आपण 'गिरणामाय' म्हणतो, यातच सारे आले.

आपले एरंडोल अंजनी नदीच्या काठी वसले आहे. भारतातील ज्या काही गावांना महाभारतातील एकचक्रानगरीचा मान परंपरेने दिला जातो, त्यांत एरंडोलची गणना होते. येथील पांडववाडा आणि जवळच्या पद्मालयाशी निगडित भीम-बकासुराची कथा लहानथोरांस ठाऊक आहेच. परंतु या कथेतील एका गोष्टीकडे आपल्या समाजाचेही पुरेसे लक्ष गेलेले नाही. आदिपर्वात पांडवांस एकचक्रेची वाट दाखविणारे महर्षी व्यास हे सत्यवतीचे पुत्र होत; आणि सत्यवती ही यमुनेवर नाव चालविणारी, दाशराजाच्या घरी वाढलेली कोळ्याची कन्या. श्रीरामचंद्रांस गंगापार नेणारा निषादराज गुह आपण मोठ्या अभिमानाने सांगतो. त्याच्या बरोबरीने आपल्याच गावाच्या कथेतील हा धागाही आपण मुलाबाळांस सांगावा, असे आम्हांस वाटते. ही पुराणपरंपरा आहे, लेखी इतिहास नव्हे, हे आम्ही जाणतो. तथापि नाव आणि जाळे चालविणाऱ्यांस या देशाच्या सर्वांत मोठ्या ग्रंथाने कोणते स्थान दिले, हे तिच्यावरून कळते.

शिलालेख व ग्रंथ काय सांगतात

आता लेखी पुराव्याकडे वळू. सम्राट अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात, म्हणजे इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात, प्राणिहत्येविषयी जे निर्बंध सांगितले आहेत त्यांत माशांचा स्पष्ट उल्लेख आहे. तीन चातुर्मासी पौर्णिमांना व तिष्य पौर्णिमेस, त्यांच्या लगतच्या दिवशी आणि उपोसथाच्या दिवशी मासे मारू नयेत व विकूही नयेत, अशी ती आज्ञा आहे. या तीन चातुर्मासी पौर्णिमांपैकी एक कार्तिकी होय. ज्या अर्थी विक्रीस बंदी घालावी लागली त्या अर्थी मासळीचा बाजार होता, आणि तो चालविणारा समाजही होता, हे उघड आहे. काही ठरावीक दिवशी पाण्यास विसावा द्यावा ही कल्पना या भूमीत बावीसशे वर्षांहून अधिक जुनी आहे, हेही यावरून दिसते.

दुसरा पुरावा आपल्या दख्खनचाच आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात 'मत्स्यविनोद' नावाचे एक प्रकरण आहे. समुद्रातील मासे कोणते व नदीतील कोणते, खवल्यांचे कोणते व बिनखवल्यांचे कोणते, कोणत्या माशास कोणते आमिष आवडते, गळाची दोरी व काठी कशी असावी, यांचे विवेचन त्या राजाने केले आहे. माशास ठरलेल्या जागी आधी काही दिवस खाद्य टाकून सवय लावावी आणि मग गळ टाकावा, ही युक्तीही त्यात आहे. सुप्रसिद्ध मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. सुंदरलाल होरा यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास या प्रकरणाचा अभ्यास करून ते विद्वानांच्या नजरेस आणले. राजाने ही विद्या आपल्या मनाने रचली असेल, असे आम्हांस वाटत नाही. ती त्याने नदीकाठच्या लोकांपासूनच घेतली असली पाहिजे. आपल्या आजोबांनी कणकेच्या गोळ्या टाकून डोहातील मासा 'लावला' तेव्हा ते नकळत त्याच शास्त्राचे पालन करीत होते.

इंग्रजी अमलात कर्नल साइक्स याने दख्खनच्या माशांचे वर्णन प्रसिद्ध केले. 1839 साली त्याने पुण्याकडील महाशीर माशास जे शास्त्रीय नाव दिले, त्यातील 'खुद्री' हा शब्द इथल्याच लोकांच्या तोंडचा होता. साऱ्या जगाच्या ग्रंथांत आज तो शब्द छापला जातो; ज्यांनी तो साहेबास सांगितला त्यांची नावे मात्र कोठेही नाहीत. आपल्या समाजाच्या इतिहासाची ही अवस्था आहे.

शरदाचे पाणी

आता मुख्य विषयाकडे येऊ. मृग-आर्द्रापासून नद्या गढूळ होऊन वाहू लागतात. आषाढ-श्रावणात, कानबाईच्या रोटांच्या सुमारास, पूर आले म्हणजे रोहू, कानस, तांबीर यांसारखे मासे प्रवाहाविरुद्ध चढून पाणी पसरलेल्या उथळ जागी अंडी घालतात. हा त्यांचा प्रसूतिकाळ. जुनी माणसे या दिवसांत पोटापुरतेच मासे घेत, आणि अंड्यांनी भरलेली मादी हाती आली तर तिला पाण्यात परत सोडीत, असे आम्ही आमच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकले आहे. मरळ मासा तर आपल्या पिलांचे रक्षण करतो. लालसर पिलांचा थवा पृष्ठभागावर फिरत असतो आणि खाली आईबाप पहारा देत असतात. अशा मरळीवर जाळे टाकणे म्हणजे एका माशासाठी शेकडो मासे गमावणे होय.

भाद्रपदात अगस्त्याचा तारा उगवला की पाणी निवळू लागते, असे आपल्याकडे मानतात. चरकसंहितेत शरद ऋतूतील पाण्यास 'हंसोदक' म्हटले आहे. दिवसा सूर्याने तापलेले, रात्री चंद्राने निववलेले आणि अगस्त्याच्या उदयाने निर्विष झालेले, असे त्याचे वर्णन आहे. आजच्या भाषेत सांगावयाचे तर पाऊस थांबला, वेग मंदावला, गाळ तळाशी बसला आणि सूर्यप्रकाश खोलवर पोहोचू लागला. त्या प्रकाशाने पाण्यात सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यांवर बारीक जीव वाढतात आणि त्यांवर मासा पोसतो. अंडी घालून थकलेला मासा याच काळात अधाशासारखा खातो. नवरात्रापासून दिवाळीपर्यंतची मासळी चवीस व वजनास चांगली लागते, याचे कारण हेच.

तथापि शरदाचे सर्व दिवस सारखे नसतात. सप्टेंबरच्या अखेरीस सूर्य हस्त नक्षत्री येतो. हत्तीचा पाऊस जोराचा झाला तर निवळलेली नदी पुन्हा गढूळ होते. अशा गढूळ पाण्यात शिंगटा, वाम यांसारखे तळाचे मासे गांडुळाच्या आमिषास लागतात, कारण ते डोळ्यांपेक्षा वासाने व स्पर्शाने अन्न शोधतात. चित्रा नक्षत्रात आश्विनातील कडक ऊन पडते. दुपारी उथळ पाणी तापते आणि मासा डोहात, कपारीत, झाडांच्या सावलीत उतरतो. मग धरणे ते पहाटे आणि तिन्हीसांजेस. पाणी स्वच्छ झाल्यामुळे माशास दोरी व माणसाची सावली दिसते, म्हणून काठावरून चालतानाही जपून चालावे लागते. स्वाती नक्षत्र आले, तुळशीच्या लग्नाचे दिवस जवळ आले आणि रात्री गार पडू लागल्या म्हणजे मासे ओढ्यानाल्यांतून मोठ्या नदीकडे व नदीतून डोहांकडे परततात. पाणी आटण्यापूर्वी खोल जागा गाठण्याची ही त्यांची धडपड असते. ज्याला आपल्या टापूतील प्रत्येक डोहाची खोली व प्रत्येक धारेची दिशा ठाऊक, त्याचे फेकजाळे या दिवसांत रिकामे येत नाही. थंडी कडक झाली की मासा सुस्तावतो, कमी खातो. मग गळ टाकून बसणाऱ्यास धीर धरावा लागतो.

तलावांची गोष्ट थोडी निराळी आहे. पद्मालयाच्या कमळांच्या तळ्यासारखी जुनी तळी असोत की नवे जलाशय असोत, साचलेल्या पाण्याचा वरचा थर उन्हाने उबदार राहतो आणि खालच्या थरात प्राणवायू कमी असतो. हवा एकाएकी गार झाली की वरचे पाणी जड होऊन खाली जाते व खालचे वर येते. अशा पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड काढून धापा टाकताना दिसतात. पूर्वी यास कोणी दृष्ट म्हणे, कोणी कोप म्हणे. खरे कारण प्राणवायूची टंचाई हे आहे. त्या वेळी खाद्य व शेणखत टाकणे थांबवावे, ताजे पाणी सोडावे, आणि ते नसेल तर पाणी ढवळून किंवा पंपाने उडवून हवेशी मिसळावे. ढगाळ आणि वारा नसलेल्या दिवसांनंतरची पहाटही अशीच धोक्याची असते, हे तळी सांभाळणाऱ्या आपल्या बांधवांनी ध्यानात ठेवावे.

पालखीपासून पाण्यापर्यंत

आपला समाज केवळ मासे धरणारा कधीच नव्हता. पालख्या व मेणे वाहणे, नावेने माणसे पार करणे, पाणी भरणे, चण्या-फुटाण्यांच्या भट्ट्या चालविणे, तळ्यात शिंगाडे लावणे आणि नदी आटली की तिच्या वाळूत टरबूज-खरबुजांच्या वाड्या करणे, असा आपल्या कामांचा पसारा होता. या सर्वांत एक क्रम होता. पावसात नाव, शरदात जाळे, हिवाळ्यात वाळूतील वाडी व उन्हाळ्यात तिचे फळ. असे नदी आपणांस बारा महिने पोशीत होती. 1860च्या दशकात आगगाडी खानदेशात आली, सडका झाल्या आणि पालखी मागे पडली. खांद्यावरचा धंदा गेल्यावर अनेक कुटुंबांनी पाण्याचाच आधार अधिक घट्ट धरला.

नदी जशी देते तशी नेतेही. 1872 साली पांझरेच्या महापुराने धुळे शहरात घरादारांची मोठी हानी झाली. 1899-1900 च्या छप्पन्नाच्या दुष्काळात आणि 1972 च्या दुष्काळात खानदेशाने पाण्याचा दुसरा कोप पाहिला. अशा वर्षी नद्या आटतात तेव्हा खोल डोह हेच माशांचे बीजभांडार असते. डोहात चार जोड्या उरल्या तर पुढील पुरात नदी पुन्हा भरते. डोह उपसला गेला तर पाणी आले तरी मासा येत नाही. डोहास देवाचे स्थान मानून तेथे जाळे न टाकण्याची जी प्रथा अनेक नद्यांच्या काठी आहे तिचे मर्म हे आहे.

सुरुंगाची दारू व विष वापरून मासे मारण्यास 1897 च्या कायद्याने बंदी घातली. महाराष्ट्र राज्य स्थापन झाले त्याच 1960 साली राज्याचा स्वतंत्र मत्स्योद्योग अधिनियमही झाला. कायदा झाला, पण काठावर पहारा देणारा माणूस समाजातूनच उभा राहावा लागतो.

धरणे आली, मासा बदलला

खानदेशात बंधाऱ्यांची परंपरा जुनी आहे. पांझरेवरील फडपद्धतीचे बंधारे प्रसिद्ध आहेत. गिरणेवर जामदा येथे इंग्रजी अमलात बंधारा व कालवे झाले. या लहान बंधाऱ्यांवरून पुराचे पाणी व त्याबरोबर मासा वाहून जाई. मोठ्या धरणांनी मात्र चित्र पालटले. गिरणा धरण 1969 साली पूर्ण झाले, गुजरातेत तापीवरील उकाई धरण 1972 साली, आणि भुसावळजवळील हतनूर 1982 साली. पुढे वाघूर व आपल्या एरंडोलजवळील अंजनी हे प्रकल्पही झाले. शेतीस पाणी मिळाले, गावांची तहान भागली, याबद्दल कोणाचे दुमत नाही. परंतु पुराची लाट अडली, आणि समुद्रात जन्मून नद्यांत चढणाऱ्या अहीर माशासारख्या प्रवाशाची वाट बंद झाली. पुराच्या पाण्यातच अंडी घालणारे मासे धरणाखालच्या नदीत कमी झाले.

याच काळात दुसरीकडे एक मोठा शोध लागला. कटला, रोहू, मृगळ हे मासे साचलेल्या पाण्यात प्रजनन करीत नसल्यामुळे त्यांचे बीज पूर्वी वाहत्या नद्यांतूनच गोळा करावे लागे. 10 जुलै 1957 रोजी डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओरिसात पियुष ग्रंथीच्या अर्काची टोचणी देऊन या जातीच्या माशांकडून अंडी घालविण्यात यश मिळविले. तो दिवस आज देशभर मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. या शोधामुळे मत्स्यजिरे व बोटुकली हवी तेथे तयार होऊ लागली आणि धरणांचे पाणी हे आपल्या समाजाचे नवे शेत झाले. आता सप्टेंबरअखेर भरलेल्या जलाशयात बोटुकली सोडणे, रब्बीची आवर्तने सुटून पातळी उतरू लागली की जाळ्यांच्या जागा बदलणे, हे शरदाचे नवे गणित झाले आहे. बोटुकली बोटाएवढी तरी वाढलेली असावी. लहान सोडली तर ती पडीण व मरळ यांचे भक्ष्य होते.

नव्याबरोबर काही विघ्नेही आली. 1952 साली परदेशातून भारतात आणलेला तिलापिया मासा आज अनेक जलाशयांत पसरला आहे. तो भराभर वाढतो, सर्व काही खातो आणि देशी माशांची जागा घेतो. गरिबाच्या ताटात तो स्वस्त पडतो हे खरे. पण त्याच्या भरवशावर महाशीर, तांबीर, कानस यांना विसरणे शहाणपणाचे नाही. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटा वीज कंपनीने 1970 नंतर महाशीरचे बीज तयार करण्याचे काम हाती घेऊन दाखविले. देशी मासा जपता येतो, याचे ते उदाहरण आहे.

आज काय पणास लागले आहे

या सर्व इतिहासाचा निष्कर्ष काय? आम्हांस तो असा दिसतो. नदीचे ज्ञान आपले, पण पाण्यावरील हक्क ठेक्याच्या कागदावर अवलंबून. आणि कागदाचे ज्ञान मात्र आपले नाही. तलावाचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेस मिळतो. परंतु संस्थेचे सभासद कोण, हिशेब कोण पाहतो, वार्षिक सभा होते की नाही, याकडे आपण दुर्लक्ष केले तर नावापुरती संस्था आपली राहते आणि पाणी दुसऱ्याचे होते. जाळे ओढणारा भोई आपल्याच तलावावर मजूर होतो, असे प्रकार आम्ही पाहिले आहेत. कोणा एकाकडे बोट दाखविण्याचा आमचा हेतू नाही. दोष आपल्या उदासीनतेकडेही येतो, एवढेच सांगावयाचे आहे.

दुसरे संकट वाळूचे. गिरणेच्या पात्रातून बेसुमार वाळू उपसली जाते. वाळू गेली की पाणी धरून ठेवणारा पात्राचा गाभा गेला, डोहांची ठेवण मोडली, माशांची अंडी घालण्याची जागा गेली आणि टरबुजांच्या वाड्याही गेल्या. शरदात निवळ वाहणारी धार दिवाळीपूर्वीच तुटू लागली, तर आमच्या वर सांगितलेल्या साऱ्या ज्ञानाचा उपयोग कोठे करावयाचा?

आपल्याच गावाचे एक उदाहरण देतो. एरंडोल एके काळी हातकागदासाठी नावाजलेले होते. विसाव्या शतकाच्या आरंभी तो धंदा थोडाफार शिल्लक होता. पुढे यंत्राच्या कागदापुढे तो टिकला नाही. आज तो कागद कसा करीत, हे सांगणारा माणूस शोधावा लागतो. आपल्या पाण्याच्या विद्येवर तशी पाळी येऊ नये, असे प्रत्येक घरास वाटले पाहिजे. मुलांनी शिकू नये, नोकरी करू नये, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. उलट मत्स्यशास्त्र, सहकार व कायदा यांचे शिक्षण घेऊन त्यांनी परत नदीकडे पाहावे, एवढीच अपेक्षा आहे. केंद्राने 2020 साली प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना सुरू केली. 2025 साली महाराष्ट्र शासनाने मत्स्यव्यवसायास कृषीच्या बरोबरीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. या दारांतून आत जावयाचे तर कागद वाचणारा, अर्ज लिहिणारा माणूस घरात हवा.

म्हणून मंडळाच्या सभासद कुटुंबांस आमची तीन कामे करण्याची विनंती आहे. पहिले, घरातील वृद्धांकडून आपल्या टापूतील डोहांची, धारांची, माशांची व जाळ्यांची नावे अहिराणीत जशीच्या तशी वहीत उतरवून घ्यावीत. यात माताभगिनींची आठवण विशेष मोलाची आहे, कारण बाजार त्यांनी केला आहे आणि कोणत्या महिन्यात कोणता मासा किती येई हे त्यांना नेमके ठाऊक असते. दुसरे, ज्यांचे नाव संस्थेच्या सभासद नोंदीत आहे त्यांनी सभेस स्वतः हजर राहून हिशेब मागावा. तिसरे, आषाढ-श्रावणात अंड्यांचा मासा न मारण्याचा आणि गावाजवळचा एक तरी डोह राखून ठेवण्याचा ठराव प्रत्येक गावच्या पंचांनी करावा. अशोकाने जे शिळेवर कोरले आणि आपल्या आजोबांनी जे न लिहिता पाळले, तेच आपण पुन्हा सुरू करावयाचे आहे.

गिरणा, अंजनी आणि तापी यांनी आपणांस अन्न दिले, ओळख दिली. त्यांचे ऋण फेडण्याची बुद्धी आणि बळ पद्मालयाच्या श्रीगजाननाने आपणां सर्वांस द्यावे, आणि येणाऱ्या प्रत्येक शरदात आपल्या नद्या भरलेल्या व निर्मळ राहोत, अशी प्रार्थना करून हा लेख येथेच पुरा करतो.